हवामान बदल आणि प्रादेशिक अर्थकारण : तीन प्रदेश, तीन वाटा

हवामान बदलाला तोंड देण्याचे दोन मार्ग मानले जातात. तापमानवाढीस कारणीभूत वायूंचे उत्सर्जन घटविणे म्हणजे उपशमन. बदललेल्या हवामानाशी शेती, पाणीवापर आणि वस्ती जुळवून घेणे म्हणजे अनुकूलन. दोन्हींसाठी होणारी गुंतवणूक अखेर एखाद्या विशिष्ट प्रदेशात उतरते आणि तेथील ऊन, पडीक जमीन वा खाडी यांना नवे मोल प्राप्त होते. हे मोल कोणाच्या पदरी पडते, हे व्यवहाराच्या अटींवर ठरते.

केंद्र सरकारने जून २००८ मध्ये हवामान बदलविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यातील सौर अभियानास जानेवारी २०१० मध्ये प्रारंभ झाला. २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅट सौरवीज हे त्याचे मूळ उद्दिष्ट २०१५ मध्ये एक लाख मेगावॅटपर्यंत वाढविण्यात आले. त्यानंतर ग्लासगो येथील २०२१ च्या परिषदेत भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचे लक्ष्य मांडले.

पावगडा : जमिनीचे भाडे

कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्याचा पावगडा तालुका वारंवार दुष्काळग्रस्त ठरणारा. येथील पाच गावांच्या परिसरात सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॅट क्षमतेचे सौरउद्यान उभारण्यात आले. २०१८ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि २०१९ च्या अखेरीस काम पूर्णत्वास गेले. जमीन संपादित न करता ती शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आली, हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य. एकरी वार्षिक २१ हजार रुपये भाडे आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ असा करार झाला. पाच एकरांच्या धन्यास त्यामुळे पाऊस पडो वा न पडो, वर्षाला एक लाख पाच हजार रुपयांची शाश्वती मिळाली.

भूमिहीन कुटुंबांची स्थिती निराळी आहे. शेतीची कामे आणि चराऊ रान दोन्ही आटले; त्या बदल्यात गवत काढणे, पॅनेल धुणे, पहारा अशी मर्यादित कामे उरली. भाडे सातबाऱ्यासारख्या मालकी दस्तऐवजावर मिळते, मजुरीवर नव्हे.

धुंडी : विजेचे पीक

गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली. आणंद येथील जलव्यवस्थापन संशोधकांचे तिला साहाय्य होते. पूर्वी डिझेल पंपावर पाणी उपसणारे हे शेतकरी २०१६ पासून सिंचनानंतर उरलेली वीज वितरण कंपनीला विकू लागले. २५ वर्षांच्या या करारात प्रति युनिट ४ रुपये ६३ पैसे दर ठरला. वीज विकून पैसे मिळत असल्याने अनावश्यक उपशास आळा बसतो, म्हणजेच उत्सर्जन आणि भूजल या दोहोंचा विचार एकाच व्यवहारात होतो. गुजरातची २०१८ मधील सूर्यशक्ती किसान योजना आणि केंद्राची २०१९ मधील कुसुम योजना यांतही शेतकऱ्याने वीज विकण्याच्या कल्पनेस स्थान मिळाले.

सिंधुदुर्ग : खाडीवरील उपजीविका

कांदळवने लाटांचा जोर मोडतात, किनाऱ्याची धूप रोखतात आणि मोठ्या प्रमाणात कर्ब साठवितात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात त्यांच्या संरक्षणास खेकडापालन, कालवांची शेती आणि पर्यटन यांची जोड देण्यात आली. वेंगुर्ल्यात महिला बचतगटाने कांदळवनातून नौकाविहार सुरू केला. जंगल उभे राहिले तरच उत्पन्न टिकते, त्यामुळे राखणीत स्थानिकांचा स्वार्थ निर्माण होतो. हरित हवामान निधीने २०१८ मध्ये मंजूर केलेल्या किनारी प्रकल्पात महाराष्ट्रासह आंध्र प्रदेश व ओडिशाचा समावेश झाला.

अटींचे महत्त्व

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीस हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आणि ग्रामपंचायतींना स्वतंत्र अनुदान अशी तरतूद आहे. गावाचा सामाईक वाटा मान्य करणारी ही तरतूद पावगड्यातील उणीव काही अंशी भरून काढते. भाडेपट्ट्यावर सही करण्यापूर्वी मुदत, भाडेवाढीचा दर, मुदतीनंतर जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी आणि स्थानिकांना रोजगार या चार बाबी लेखी असणे शेतकऱ्याच्या हिताचे ठरते.