वेताळ रक्त पितो का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं : 'वेताळ हा आपला व्हॅम्पायर होय.' गाईडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि एवढंच विचारलं, "रक्त कुठे पितो? पान दाखव." कोपरखैरणेला खोलीवर परतताना लोकलमध्ये वाटलं, तासाभराचं काम आहे. त्यात तीन महिने गेले आणि अख्खं प्रकरण बदललं. रिसर्चला येऊ पाहणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी ती गोष्ट सांगतो.

आधी व्हॅम्पायरचं बघू. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) रक्त म्हणजे नुसतं जेवण नाही. ते प्यायल्यावर म्हातारा काउंट तरुण दिसू लागतो. तो मीनाला स्वतःचं रक्त पाजतो आणि तिला बांधून घेतो. उलट बाजूला, लूसीला वाचवायला चार पुरुष एकामागून एक तिला रक्त देतात. (रक्तगट जुळतो का, हे कोणी विचारत नाही, लँडस्टायनरचा शोध त्यानंतरचा.) थोडक्यात, रक्त काढून घेतलं तर ही कादंबरी उभीच राहत नाही.

आता वेताळ. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकात, त्याच्या पंचवीस गोष्टी येतात. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० ची. हा वेताळ स्मशानात प्रेतात शिरून राहतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो, कोडी घालतो. रक्त त्या कथेत आहे, नाही असं नाही. सोमदेवाकडे मंडलाची जमीन रक्ताने सारवलेली आहे, चारी दिशांना रक्ताने भरलेले घडे आहेत. पण ती सगळी मांडामांड भिक्षूची! राजाचा बळी त्याला द्यायचाय, आणि राजाला सावध करतो तो वेताळ. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून चहा प्यायला गेलो.

मग व्हॅम्पायर हा शब्द त्याला चिकटला कसा? मोठा वाटा रिचर्ड बर्टनचा. हा १८४२ मध्ये मुंबईत उतरलेला कंपनीच्या फौजेतला अधिकारी. १८७० मध्ये त्याने पंचविसातल्या अकराच गोष्टी, भरपूर मीठमसाला लावून, इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाचं नाव ठेवलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. गंमत बघा, त्याच पुस्तकात झाडाला उलट्या लटकलेल्या वेताळाचं वर्णन करताना तो म्हणतो की याच्या अंगात रक्त नसावंच, नाहीतर ते डोक्यात उतरलं असतं. म्हणजे नावात व्हॅम्पायर आणि आत रक्ताचा पत्ता नाही. आणि मी मुखपृष्ठावरून सिनॉप्सिस लिहिला होता.

इथे आणखी एक मोह होता. स्टोकर आणि बर्टन एकमेकांना भेटले होते. बर्टनच्या दातांचं वर्णन स्टोकरने आठवणींत लिहूनही ठेवलंय. लगेच 'ड्रॅक्युलाचं मूळ वेताळात' असं लिहावंसं वाटतं. पण भेट झाली हा पुरावा भेटीचा, प्रभावाचा नव्हे. ते वाक्य मी खोडलं. जड गेलं.

मग पोथी सोडून कोकणात गेलो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा गावाचा राखणदार. त्याला नवसाला केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाभोवती फिरतो, म्हणून त्या झिजतात, असं लोक सांगतात. आता कोकणात राखणदारांना कोंबडा देण्याची रीत आहे, हे लपवून चालणार नाही. पण तो मान असतो. वर्षाचा करार म्हणा हवं तर. ते रक्त मिळालं नाही तर देव कोपेल, असं म्हणतात. देव मरेल, असं कोणी म्हणत नाही. ड्रॅक्युलाचं तसं नाही, त्याला रक्तावाचून गत्यंतर नाही. माझ्या मते खरा फरक हाच, आणि तो 'पितो की नाही' या प्रश्नात सापडला नसता.

नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली कादंबरी लिहिली, तेव्हा तिला नाव दिलं 'लुचाई'. ऐकताच 'लुचणे' आठवतं. हाताशी वेताळ असूनही शीर्षकात त्यांनी तो घेतला नाही.

सुधारलेल्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं : 'वेताळाला व्हॅम्पायर कोणी, कधी आणि कशासाठी म्हटलं?' गाईडनी 'कशासाठी'खाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे. सध्या तिथेच अडकलोय.