कोशाचे वर्ग आणि शोधाची चौकट

शोधूं जाणाऱ्यापुढें शब्द कोणत्या क्रमानें मांडावे, हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. अमरसिंहानें आपल्या कोशाचीं तीन कांडें करून त्यांत वर्ग पाडले. छत्रपति शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंडितानें रचिलेल्या राजव्यवहारकोशांतहि राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग आहेत. शब्द कोणत्या खात्याचा, हें तेथें आधीं ठरवावें लागतें. पुढें १८३१ सालीं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, तो अक्षरानुक्रमाचा. त्यानें शोधणाऱ्याचे श्रम वांचले. मात्र एका घरचे शब्द दूर दूर पडले.

या दोन रीतींची गांठ वेबवरील शोधाच्या चौकटींत पडली. डिसेंबर २००४ मध्यें गूगलनें 'गूगल सजेस्ट' प्रयोगादाखल लोकांपुढें ठेवलें. केव्हिन गिब्स या अभियंत्याची ती रचना. दोन-चार अक्षरें टंकतांच खालीं सूचनांची यादी उघडे. यादी एकसलग होती. अशा यादींत 'कोयना' टंकणाऱ्यास नदी हवी, धरण हवें, कीं मुंबई-कोल्हापूर आगगाडी हवी, याचा उलगडा होत नाहीं. बहुतांस हवें तें वर चढतें आणि क्वचित् विचारलें जाणारें तळाशीं बुडतें. अनेकार्थी शब्दांसाठीं अमरकोशालाहि नानार्थवर्ग निराळा करावा लागला होता!

एप्रिल २००५ मध्यें ॲपलच्या संगणकांत 'स्पॉटलाइट' आलें. टंकतां टंकतांच त्यांत पत्रें, चित्रें, कागदपत्रें निरनिराळ्या मथळ्यांखालीं दिसूं लागलीं. वेबच्या पानांवर मात्र हें सोपें नव्हतें. निवडीच्या साध्या यादींत मथळे घालण्याची सोय एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीनें १९९७ सालींच केली होती. पण टंकतांना सुचविणारी 'डेटालिस्ट' २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्यें प्रमाण झाली, तिच्यांत वर्गांस जागाच ठेवली नाहीं. ही उणीव नवलाचीच म्हटली पाहिजे.

तोंवर कारागिरांनीं आपला मार्ग काढला होता. मार्च २०१० मध्यें निघालेल्या 'जेक्वेरी यूआय'च्या १.८ आवृत्तींत सूचनायादीचें साधन होतें. तिचे वर्ग पाडण्याची युक्ति साधी: सूचना एकेक घेत जावें आणि मागल्या सूचनेहून वर्ग निराळा दिसला कीं मथळा मांडावा. साधी खरी, पण फसवी. सूचना आधीं वर्गवार लावलेल्या नसल्या तर नदी, गाडी, पुन्हा नदी असा एकच मथळा पुन्हा पुन्हा उमटतो. शिवाय प्रत्येक वर्गांत तीन-चारच सूचना ठेवाव्या लागतात, नाहींतर शेवटचा वर्ग पडद्याबाहेर जातो.

खरी अडचण निराळीच आहे. मथळा हा निवडण्याचा पदार्थ नव्हे. कळफलकावरील बाणानें खालीं येतांना तो ओलांडला गेला पाहिजे. पण जो अंध मनुष्य पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनावर विसंबतो, त्याच्या कानीं मग मथळा पडतच नाहीं. 'कोयना, कोयना, कोयना' असें तीन वेळां ऐकून त्यानें काय निवडावें? डोळसाची सोय झाली, ती त्याच्या वांट्यास आली नाहीं. जून २०२३ मध्यें मान्य झालेल्या 'एरिया' संकेतांच्या १.२ आवृत्तीनें निवडीच्या यादींत नांव दिलेला गट ठेवण्यास मुभा दिली. म्हणजे नदी कीं गाडी, हें त्यालाहि ऐकूं यावें अशी वाट झाली. तरी सर्व वाचकसाधनें गटाचें नांव सारख्याच रीतीनें उच्चारीत नाहींत. म्हणून सावध रचनाकार सूचनेच्या शब्दालाच 'कोयना, नदी' अशी जोड देऊन ठेवतात.