तोंडी नकार

घर कुठे घ्यावे हा प्रश्न सामान्यतः सोयीचा समजला जातो. स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येते, शाळा कोणती, हप्ता किती, एवढे पाहिले की माणूस निर्णय घेतो. मुंबईहून, मराठवाड्यातून, खानदेशातून नाशिक रोडला राहावयास येणारी कुटुंबे आजही हेच विचारतात. आमच्या महाविद्यालयात नव्याने रुजू होणारे दलित सहकारीही हेच विचारतात. मात्र बोलणे संपता संपता आवाज खाली करून ते आणखी एक गोष्ट विचारतात : "सर, तिकडे आपले लोक आहेत का?" कोणाला त्याचे उत्तर 'हो' हवे असते, तर कोणाला 'नाही'. या एकाच प्रश्नामागे दोन विरुद्ध इच्छा का असाव्यात, हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

गावात आमच्यासाठी हा प्रश्नच नव्हता. राहण्याची जागा गावाने ठरविलेली होती, आणि ती नोंदलेलीही होती. महारवाडा कागदोपत्री महारवाडाच होता. वतनाने महाराला जमिनीचा तुकडा दिला आणि त्या तुकड्याशी त्याला बांधून ठेवले. रात्री-अपरात्री हाक आली की धावता यावे इतका तो गावाजवळ हवा होता, आणि विटाळ होऊ नये इतका दूर. ही व्यवस्था मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो 1958 साली. म्हणजे गाव सोडण्याची कायदेशीर मोकळीक मिळण्यास आणखी 30 वर्षे लागली.

परंतु माणसे कायद्याची वाट पाहत थांबली नाहीत. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो 1935 पर्यंत धगधगता ठेवला. त्याचा सूड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत उगविला गेला. रस्ते बंद झाले, मुलांना शाळेबाहेर काढले गेले. त्याच वर्षी, 13 ऑक्टोबरला, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. धर्म सोडण्याचा निर्धार आणि गाव सोडण्याचा निर्धार हे आमच्या जिल्ह्यात एकाच काळाचे अपत्य आहे, असे मला वाटते.

गाव सोडून जावयाचे कुठे? ज्या मंदिराचे दरवाजे बंद होते, त्यापासून आठ-नऊ किलोमीटरांवर एक निराळी वसाहत उभी राहत होती. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली ती जुन्या नाशकापासून दूर. स्टेशनाभोवती जे वाढले ते नाशिक रोड. 1925 साली सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, 1927 साली मध्यवर्ती कारागृह आणि 1928 साली चलनी नोटांचा छापखाना. शेजारी देवळालीची लष्करी छावणी होतीच. येथे बलुते नव्हते, रोख पगार होता. येथे पाटलाची हाक नव्हती, भोंगा होता. भोंगा सर्वांसाठी एकाच वेळी वाजतो, ही गोष्ट ज्याच्या बापजाद्यांनी हाकेवर आयुष्य काढले त्यालाच कळते.

माझे वडील सिन्नर तालुक्यातून असेच आले आणि कामगार झाले. त्यांना मिळालेले क्वार्टर हे आमच्या घराण्याने पाहिलेले पहिले असे घर, की ज्याच्या पत्त्यात जात नव्हती. दारावर केवळ क्रमांक होता. वाटप श्रेणी आणि सेवाज्येष्ठतेप्रमाणे होई. याचा अर्थ जात संपली होती असा कोणी घेऊ नये. श्रेणी शिक्षणावर ठरे, आणि शिक्षण कोणाला मिळाले हे जातीने आधीच ठरविले होते. तरीही त्या वाटपाला नियम होता, यादी होती. यादीत नाव डावलले गेले तर अर्ज करता येई आणि युनियनकडे जाता येई. अन्यायाला कागद होता, म्हणून त्याच्याशी भांडता येत होते.

वडील निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावे लागले. त्या वेळी आमच्या घरात 'घर कुठे घ्यावे' हा प्रश्न प्रथमच उभा राहिला. एका इमारतीत जागा पसंत पडली, किंमत ठरली. मग आडनाव विचारले गेले, गाव विचारले गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की फ्लॅट आधीच गेला आहे. पंधरा दिवसांनी विक्रीची पाटी तेथेच होती. वडिलांनी वाद घातला नाही. घालणार कशाच्या आधारावर? हातात कागदाचा एक कपटाही नव्हता. शेवटी विहाराजवळ घर झाले. आईचे म्हणणे सरळ होते : "खांदा द्यायला चार माणसं हाकेवर पाहिजेत." हे म्हणणे आजही मला खोडता येत नाही.

येथेच गाव आणि उपनगर यांतील फरक ध्यानात येतो. गावाने आमची जागा लेखी ठरविली. उपनगर तोंडी नाकारते. बडोद्यात 1917 साली पारशी पथिकाश्रमातून बाबासाहेबांना हुसकावले गेले, तेव्हा लाठ्या घेतलेली माणसे समोर उभी होती. आजचा नकार हसून, चहा पाजून दिला जातो. दिल्ली परिसरात सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांची पाहणी केली व 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उच्चवर्णीय, दलित व मुस्लिम नावांनी घरमालकांशी संपर्क साधला असता दलित आणि मुस्लिमांच्या वाट्याला नकार आणि जाचक अटी आल्या. ज्या गोष्टीला आपण 'अनुभव' म्हणत होतो, तिचा या पाहणीने पुरावा केला. 2020 साली महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच आहे. पण त्याने लेखी नाव बदलले. रिक्षावाला आणि दलाल तोंडी जे नाव वापरतात, ते शासननिर्णयाने बदलत नाही.

वस्ती सोडणाऱ्यावर आपल्यात दगाबाजीचा आरोप होतो, आणि वस्तीत राहणाऱ्याला मागासलेला म्हटले जाते. दोन्ही आरोप मला मान्य नाहीत. बाबासाहेब परळच्या चाळीतून दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृहा'त राहावयास गेले, ते अभ्यासाला आणि ग्रंथांना जागा हवी म्हणून. त्यामुळे परळचा कामगार त्यांना परका झाला नाही. कोणी कुठे राहावे हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रश्न एवढाच, की ठरविणारे आपण आहोत की आपल्या वतीने दुसराच कोणी ठरवून टाकतो?

म्हणून त्या सहकाऱ्यांना मी आता दोन्हीकडचे पत्ते देतो आणि एक सूचना करतो : नकार आला तर तो लेखी मागा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 23 प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाविना सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज द्या, पोच घ्या, तारीख टाका. लेखी नकार बहुधा कोणी देणार नाही. मग कोण, केव्हा, काय बोलले हे त्याच दिवशी आपल्या वहीत लिहून ठेवा. आमच्या आई-वडिलांपाशी अशी वही नव्हती, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. आम्हाला येते.