मावळा मेला की जिवंत?

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर मोठा तंटा झाला. मुलांनी खेळाचे दोन नियम केले होते. गोटी लागून मावळा आडवा झाला की तो मेला. आणि बुरुजाआड उभा असलेल्याला गोटी बाधत नाही. एक गोटी बुरुजावर बसली, मातीचा बुरुज ढासळला आणि त्याखाली मावळा आडवा झाला. आता तो मेला की जिवंत? दोन्ही पक्षांजवळ एकेक नियम होता, आणि दोन्ही खरे!

मला हसू आले. पण तंटा पोरकट म्हणवेना. याच पेचात प्रशियाचे लष्करी अधिकारी साठ-पासष्ट वर्षे सापडले होते.

१८१२ साली राइसवित्स नावाच्या गृहस्थाने राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याला युद्धाचा खेळ नजर केला. खणांचे भलेमोठे मेज, वर मांडायला डोंगर-नद्यांचे तुकडे आणि सैन्याच्या सोंगट्या. त्याचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट. त्याने १८२४ साली मेजाऐवजी नकाशा आणला, एकास आठ हजार प्रमाणाचा. एक डाव म्हणजे लढाईतली दोन मिनिटे. हानी किती, ते फासे आणि कोष्टके सांगत. खेळाडूंनी हुकूम लिहून पंचाला द्यायचे आणि सोंगट्या पंचाने हलवायच्या. न दिसणारा शत्रू नकाशावर मांडायचाच नाही! सेनाप्रमुख म्युफ्लिंग खूश झाला आणि खेळ लष्करात पसरला. लेफ्टनंटला मात्र ते सुख लाभले नाही. १८२७ साली त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपवले.

पुढे कोष्टकांना कोष्टके फुटू लागली. शंका निघाली की नवा नियम, आणि नवा नियम जुन्याच्या अंगावर. पंच चोपडी चाळीत बसे आणि लढाई खोळंबे. अखेर १८७६ साली फॉन व्हेर्डी द्यु व्हेर्नवा या अधिकाऱ्याने फासे-कोष्टके बाजूला सारली आणि अनुभवी पंचाचा शब्द प्रमाण मानला. उपाय सोपा खरा. पण ज्याने लढाई पाहिली आहे आणि ज्याच्या निकालावर हरणाराही रुसत नाही, असा पंच आणायचा कोठून? आम्हा मास्तरांना विचारा!

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ पुस्तकात निराळी वाट काढली. शिशाचे शिपाई, स्प्रिंगची तोफ आणि इंचभर लाकडी गोळा. पडला तो मेला. तोफेजवळ सहा इंचांच्या आत आपले चार शिपाई असले तरच ती चालायची. शंका आली तर पट्टी लावा! युक्ती मला फार आवडली. पण ढासळलेल्या बुरुजाला पट्टी कशी लावणार?

शेवटी मी व्हेर्डीच्या थाटात किल्ल्यापाशी गेलो आणि निकाल दिला, “मावळा मेला.” सारे गप्प झाले. धाकट्या पुतण्याने मावळ्याची माती झटकली, त्याला उभे केले आणि विचारले,

“पण काका, हे कोणत्या नियमाने?”