कंसातलं नाव

आमच्या सातबाऱ्यावर एक नाव कंसात आहे. मेलेल्या माणसाच्या नावाला तलाठी कंस करतो, तसा केलेला. परवा नातवानं विचारलं, "आबा, ह्ये कोण?" म्हटलं, तुझे आप्पा आजोबा. पोरगा म्हणाला, "त्यांचा फोटू कुठाय?" फोटो नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आप्पा माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जन्मतारखेची नोंद नाही. आजी सांगायची, गांधीबाबा गेले त्या साली झाला. म्हणजे 1948. चार वर्षांचे होईस्तोवर चालले नाहीत, बोलले त्याहून उशिरा, आणि तेही दहा-वीस शब्द. शाळेत घातलं तर मास्तरांनी आठ दिवसांत घरी आणून सोडलं. आता सरकारी कागदावर बौद्धिक दिव्यांग म्हणतात. तेव्हा गाव खुळा म्हणायचं, फार माया आली तर भोळा. गावातलं शेंबडं पोरगंही त्यांना अरे-तुरे करायचं. आमच्या घरात मात्र आजीचा नियम होता. "चुलता हाय तुमचा. आप्पा म्हणायचं, आन् अहो म्हणायचं." आम्ही भावंडं त्यांना अहो म्हणालो की आप्पा लाजून हसायचे.

त्यांना पाचाच्या पुढं मोजता येत नव्हतं. पण सांजेला गुरं गोठ्यात शिरली की दारात उभं राहून एकेकीच्या पाठीवरनं हात फिरवायचे, आणि एखादं वासरू मागं राहिलं असलं तर आम्हाला कळायच्या आत काठी उचलून माळाकडं चालायला लागायचे. ही मोजदाद कुठली, मला अजून उमगलेली नाही.

1972 चा दुष्काळ आला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमचा माण तालुका आधीच पावसाला पारखा. त्या साली तर विहिरीचा तळ भेगाळला. गावात दुष्काळी काम निघालं, रस्त्याची खडी फोडायची. खायला अमेरिकेचा लाल मिलो, कामावर सुकडी. घरातनं आजी, वडील, आई कामावर जायची. आप्पाही गेले. मुकादमानं मस्टरवर नाव घेतलं नाही. म्हणाला, "खुळ्याची हजेरी लावली तर साहेब माझी नोकरी घालवंल." त्याचंही खरं होतं.

आप्पा घरी परतले नाहीत. आजीच्या शेजारी बसले, तिच्यासारखी हातोडी धरली आणि खडी फोडायला लागले. एकदा बोट चेचलं, तर चिंधी बांधून पुन्हा बसले. मजुरी ढिगाच्या मापावर मिळायची. आजीचा ढीग दोघांचा, नाव एकटीचं. शेजारच्या ओळीत एक म्हातारी विधवा बसायची, तिचा हात चालत नसायचा. तर आप्पा मधूनच ओंजळभर खडी तिच्या ढिगावर टाकून यायचे. कुणी शिकवलं नव्हतं. त्या साली आमच्या घरात जी भाकरी भाजली, तिच्यात आप्पांची खडी होती. मस्टर शोधलं तर त्यात ते सापडायचे नाहीत. तो रस्ता अजून आहे. वर डांबर पडलं, खाली खडी तीच.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला जड जातं.

मी 1977 ला दहावी झालो. घरातला पहिलाच. म्हणून कागद लिहायचं काम माझ्याकडं. 1984 ला आजोबा गेले आणि वारसनोंदीचा अर्ज लिहायची वेळ आली. भावकीतल्या जाणत्यांनी सल्ला दिला, आप्पाचं नाव घालू नका, उद्या सोसायटीचं कर्ज काढायला सही कोण करणार? त्याला काय कळतंय, पोटाला तर तुम्ही घालणारच आहात. मलाही ते पटलं. मी त्यांचं नाव सोडून अर्ज लिहिला.

अंगठा लावायच्या आधी आजी म्हणाली, "वाच." मी वाचला.

"माझी लेकरं किती?"

"पाच."

"कागदावर किती?"

मी गप्प. वडीलही खाली बघायला लागले. आजी म्हणाली, "दुष्काळात त्यानं फोडलेली खडी चालली, आन् आता नाव चालंना व्हय?" तिनं अंगठा लावला नाही. मी दुसरा कागद घेतला.

पुढं कधीतरी तालुक्याला एका वकिलांकडून कळलं, की जुन्या हिंदू कायद्यात जन्माच्या खुळ्याला वडिलार्जितात वाटाच नसायचा. 1956 च्या वारसा कायद्यानं ते मोडलं; त्याचं 28 वं कलम सांगतं, की रोग, दोष किंवा व्यंग आहे म्हणून कुणाचा वारसा जात नाही. आजीला अक्षर येत नव्हतं. कायद्याचं तिला ठाऊक नव्हतं, पण तिचं म्हणणं आणि कायद्याचं म्हणणं एकच निघालं. जाणत्यांनी सांगितलेली अडचणही खरीच ठरली. विहिरीच्या कर्जाला आम्हाला दुप्पट खेटे पडले. पण पडले तर पडले.

1991 साली आजी गेली. शेवटी तिच्या जिवाला एकच घोर, "माझ्या मागं ह्याचं कोण?" माझ्या आईनं हात धरून सांगितलं, मी हाय. आईनं ते पाळलं. 2001 च्या जनगणनेत मतिमंदांचीही नोंद स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच होणार होती. गुरुजींनी दारात विचारलं, घरात कुणी अपंग? आई म्हणाली, "न्हाई, आमच्यात कुणी न्हाई." ती खोटं बोलत नव्हती.

आप्पा 2009 च्या थंडीत, झोपेतच गेले. त्या सांजेला गुरं माळावरनं आली. दारात कुणी उभं नव्हतं. मी उठलो, आणि एकेकीच्या पाठीवरनं हात फिरवला. मला मोजायलाच लागली.