आठवड्याची मिरास

जमीन विकली जाते, घर विकले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मार्च महिन्यातला एक आठवडा विकला जातो, त्याचे रीतसर खरेदीखत होते, ते सरकारी दप्तरात नोंदले जाते आणि मग तोच आठवडा दरवर्षी कुणाला तरी भाड्याने दिला जातो, हे मी पहिल्यांदा ऐकले ते माझ्या धाकट्या भावाकडून. तेव्हाच वाटले होते, हा मामला इतिहासाच्या तासाला सांगण्यासारखा आहे. पण अभ्यासक्रमात बसवणार कुठे? म्हणून आज इथे.

या प्रकाराला टाइमशेअर म्हणतात. आपल्याकडे तो १९८० नंतर आला आणि पुष्कळांना तो हॉटेलातल्या फुकट जेवणाच्या आमंत्रणातून माहीत झाला. 'अभिनंदन, तुमची निवड झाली आहे' असा फोन यायचा आणि जेवणानंतर दोन तास कुणीतरी तुम्हाला उठू देत नसे. गोवा, महाबळेश्वर, उटी अशी नावे त्यात असत, त्यामुळे हा समुद्रकाठचा नाहीतर थंड हवेच्या ठिकाणचा धंदा आहे असाच आपला समज. त्याचा जन्म मात्र आल्प्स पर्वतात झाला, आणि त्यातही बर्फाचा वाटा मोठा आहे.

१९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापीमाग नावाची कंपनी निघाली. तिचा भाग घ्यायचा आणि त्या बदल्यात तिच्या मालकीच्या सुट्टीच्या घरांत दरवर्षी काही दिवस राहायचे, असा बेत. पुढे चार वर्षांनी, म्हणजे १९६७ च्या सुमाराला, फ्रान्सच्या ओत-आल्प जिल्ह्यात सुपरदेव्होलुई येथे दीड हजार मीटर उंचीवर स्कीइंगसाठी नवेच गाव वसवले गेले. गाव कसले, डोंगरात नांगर टाकलेल्या आगबोटीसारख्या प्रचंड इमारती! तिथल्या बांधकाम कंपनीने अपार्टमेंट विकण्याऐवजी अपार्टमेंटचे आठवडे विकायला काढले. जाहिरातीचा मतितार्थ असा की, खोली भाड्याने कशाला घेता, हॉटेलच विकत घ्या, ते स्वस्त पडेल. पहिलेपणाचा मान स्वित्झर्लंडला द्यायचा की फ्रान्सला, हे ज्याने त्याने ठरवावे.

हे तेव्हाच का सुचले, याला कारण आहे. फ्रान्समध्ये कामगारांना पगारी रजा १९३६ साली दोन आठवडे मिळाली, १९५६ साली तीन आणि १९६९ साली चार. रजा वाढली तसे सामान्य नोकरदार कुटुंबही हिवाळ्यात डोंगरावर जाऊ लागले. सरकारलाही डोंगराळ मुलुखात पैसा आणायचा होता, म्हणून १९६० नंतर एकामागून एक स्कीची गावे उठली. १९६८ साली ग्रेनोबल येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. पण बर्फातले घर वर्षातले किती दिवस वापरणार? दहा, पंधरा. बाकी वर्षभर कुलूप. असल्या रिकाम्या पलंगांना फ्रेंच लोक 'थंड खाटा' म्हणतात. घर वाटता येत नाही, तर वर्ष वाटू, हा तोडगा त्यातून निघाला.

आल्प्सच्या शेतकऱ्याला यात फारसे नवल वाटले नसावे. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात हिमनदीचे पाणी कड्यांच्या अंगाने काढलेल्या पाटांतून गवताळ रानांत आणण्याची जुनी रीत आहे. ते पाणी तासांच्या हिशेबाने वाटलेले असे आणि कुणाचा किती हक्क, हे लाकडी पट्ट्यांवर खुणा कोरून ठेवत. तो हक्क वारसाने पुढे जाई. ज्यांच्या घराण्यात सामाईक विहीर आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. मंगळवार तुमचा, बुधवार आमचा. पाणी सर्वांचे, पाळी ज्याची त्याची.

मात्र विहिरीचा मंगळवार आणि बुधवार सारख्याच किमतीचे असतात. बर्फाच्या गावातले आठवडे तसे नसतात, आणि भाड्याचा सगळा खेळ इथूनच सुरू होतो.

वर्षाच्या आठवड्यांना एक ते बावन्न असे क्रमांक दिलेले असतात. नाताळचा एक्कावन्नावा आणि बावन्नावा आठवडा सोन्याचा. फ्रान्समध्ये शाळांना फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टी असते आणि सगळा देश एकदम डोंगरावर लोटू नये म्हणून देशाचे तीन विभाग करून ती पाळीपाळीने देतात; ते आठवडेही तसेच भारी. पण बर्फ वितळल्यावरचा एप्रिल-मे? अमेरिकेतल्या कोलोरॅडोत त्याला चिखलाचा मोसमच म्हणतात. हॉटेले बंद, रस्ते निर्मनुष्य. तो आठवडाही कुणीतरी विकत घेतलेला असतो. आणखी गंमत ईस्टरची. आपल्या दिवाळीसारखाच तो सण पुढेमागे सरकतो, २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कधीही येतो. आठवड्याचा क्रमांक तर पक्का. त्यामुळे त्या सुमाराचा आठवडा घेतलेल्याला एका वर्षी सणाची गर्दी सापडते, दुसऱ्या वर्षी नुसता गाळ.

ही विषमता पुसायला अमेरिकेत अदलाबदलीच्या कंपन्या निघाल्या, आरसीआय १९७४ साली आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ साली. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथे न विकलेल्या फ्लॅटांचा ढीग पडला होता, तेही आठवडे पाडून खपवले गेले. आरसीआयने आठवड्यांना रंग दिले. लाल म्हणजे मागणीचा, पांढरा मधला, निळा पडेल. कोलोरॅडोतला लाल आठवडा देऊन फ्लोरिडातला लाल घ्यावा. पण हिशेबी माणसाच्या लक्षात लवकरच आले की, बर्फातला लाल आठवडा बदलून घेण्यापेक्षा रोख भाड्याने द्यावा.

माझा भाऊ अशांपैकी एक. १९७६ साली तो इंजिनिअर म्हणून टेक्सासात गेला आणि १९८५ साली कोलोरॅडोच्या एका स्की रिसॉर्टमध्ये त्याने आणि भावजयीने दोघांच्या नावे अकरावा आठवडा घेतला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, शनिवार ते शनिवार. अकरावा म्हणजे मार्चचा मध्य. टेक्सासातल्या शाळांना तेव्हा वसंताची सुट्टी असते आणि निम्मे डॅलस तेरा-चौदा तास गाडी हाकत कोलोरॅडोला जाते. विक्रेता तोंडाने म्हणाला होता, 'आला नाहीत तर भाड्याने द्या, हप्ते फिटतील.' कागदावर मात्र भाड्याची कसलीही हमी दिलेली नाही, असे छापले होते. याला कारण होते. तिथल्या शेअरबाजाराच्या नियामकाने जानेवारी १९७३ मध्येच स्पष्ट केले होते की, भाड्याच्या कमाईवर भर देऊन सुट्टीची घरे विकाल, तर तो घर विकण्याचा व्यवहार न राहता रोखे विकण्याचा होईल आणि त्याचे सगळे कायदे लागू होतील. म्हणून कमाईचे बोलणे जिभेवर आणि सुट्टीचे कागदावर.

स्की हा प्रकार भावाला पहिल्याच दिवशी गुडघ्याने शिकवला. पोरे चार-पाच वर्षे खेळली, मग त्यांच्या परीक्षा आल्या. पुढे आठवडा भाड्याने जाऊ लागला. त्याचा जमाखर्च तो मराठीत, आपल्या चौरेघी वहीसारख्या वहीत लिहीत असे; मी २००९ साली तिकडे गेलो तेव्हा त्याने मोठ्या हौसेने दाखवली. १९८९ : देखभाल खर्च २७०, भाडे ७५०. नोव्हेंबरात रविवारच्या वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात द्यायची, निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे, उरलेले दोन महिने आधी, आणि मग रिसॉर्टच्या कचेरीला पाहुण्याचे नाव कळवायचे. देखभाल खर्च भरलेला नसेल तर पाहुण्याला किल्ली मिळत नाही. मोडतोड झाली तर भरपाई मालकाने द्यायची. एका पानावर 'टेबल जळाले, १८०' अशी नोंद होती आणि पुढे मोठे उद्गारचिन्ह.

(मी ते घर पाहिले ते जूनमध्ये, तीन दिवस पैसे देऊन राहिलो. लिफ्टच्या खुर्च्या हिरव्या गवतावर नुसत्या लोंबत होत्या. अकरावा आठवडा गिऱ्हाइकाकडे गेला होता, त्यामुळे बर्फ काही माझ्या वाट्याला आला नाही.)

ती वही वाचताना मला पेशवाईतले मिरासदार आणि उपरी आठवले. हा धडा मी पंचवीस-तीस वर्षे शिकवला. मिरासदार हा जमिनीचा वंशपरंपरेचा धनी. गावात त्याला मान, गाव सोडून गेला तरी वर्षानुवर्षांनी परत येऊन तो हक्क सांगू शके. उपरी म्हणजे बाहेरचा, कौलाने जमीन कसणारा. मुदत संपली, नाही परवडले, तर बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी. विद्यार्थी विचारत, मग मिरासदार होणे चांगलेच की! मी सांगत असे, थांबा. अनेक गावांत मिरासदाराचा सारा उपऱ्यापेक्षा चढा होता, शिवाय कुठे कुठे मिरासपट्टी वेगळी. वाईट वर्षी सूट मिळाली तर सरकारच्या मर्जीने. उपरी निघून जाई, मिरासदाराला मिरास सोडून जाववत नसे.

आठवड्याचा मालक हा मिरासदार. आठवडा भाड्याने दिला म्हणजे उपभोग दुसऱ्याकडे जातो, सारा त्याच्याच माथी राहतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हा खर्च घराच्या आकारावर असतो, म्हणजे बर्फाच्या आठवड्यालाही तेवढाच आणि चिखलाच्या आठवड्यालाही तेवढाच. छत गळले, लिफ्ट बिघडली की जादा वर्गणी. भावाच्या वहीत २०१९ चा आकडा १,१६० खर्च आणि १,९०० भाडे असा आहे. तीस वर्षांत भाडे अडीच पट झाले आणि खर्च चार पटींहून जास्त.

फ्रान्सने या बाबतीत शब्दांपुरता तरी प्रामाणिकपणा दाखवला. तिथे अशा खरेदीला 'बहुमालकी' अशा अर्थाचा भारदस्त शब्द रूढ होता. ६ जानेवारी १९८६ च्या कायद्याने जाहिरातीत 'मालक' आणि 'मालकी' हे शब्द वापरायलाच बंदी केली. तुम्ही संस्थेचे सभासद आहात, घराचे मालक नाही, हे लिहिणे सक्तीचे केले. वारसांची सुटका व्हायला मात्र २००९ उजाडावे लागले. वारसाने भाग आला तर दोन वर्षांच्या आत त्यातून बाहेर पडण्याचा हक्क तेव्हा मिळाला. तोवर बापाने घेतलेला नोव्हेंबरचा आठवडा लेकाच्या गळ्यात.

शिवाय पीकच बुडू लागले आहे. सुपरदेव्होलुईच्याच जिल्ह्यात सेयूझ नावाचे जुने, कमी उंचीवरचे स्कीचे ठिकाण आहे. बर्फ पुरेना म्हणून २०१८ पासून ते बंद पडले आणि २०२३ साली त्याच्या लिफ्ट उपटून काढायला सुरुवात झाली. फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात सरळ म्हटले की, २०५० पर्यंत जवळजवळ सगळ्याच स्की गावांना याची झळ बसणार. क्रमांक दिलेले आठवडे दप्तरात आहेतच. कोलोरॅडोची गावे उंचावर असल्याने त्यांचे बरे चालले आहे.

पण एक वर्ष तिथेही नापिकीचे आले. २०२० सालचा अकरावा आठवडा शनिवार १४ मार्चला सुरू झाला. भावाचे भाडेकरू म्हणजे डॅलसचे एक कुटुंब. सलग बारा वर्षे तेच येत होते, त्यांची मुले त्या घरात लहानाची मोठी झाली. संध्याकाळी ते पोहोचले, सामान लावले, आणि त्याच रात्री राज्यपालांचा हुकूम आला की करोनामुळे सगळी स्की ठिकाणे बंद. रविवारी सकाळी समोर डोंगरभर बर्फ आणि लिफ्ट थांबलेल्या. ते परत फिरले. करारात परताव्याचे कलम नव्हते, घर तर दिलेले होते. भावाने संपूर्ण भाडे परत केले. रिसॉर्टच्या संस्थेने त्याचा देखभाल खर्च परत केला नाही. मी फोनवर विचारले, अरे, कायद्याने देणे नव्हते ना? तो म्हणाला, "दादा, ते काय माझं स्वयंपाकघर बघायला आले होते का?" वहीत त्या वर्षी 'भाडे' या रकान्यात शून्य आहे.

२०२१ साली तो गेला. आठवडा आता एकट्या भावजयीच्या नावे आहे. खरेदीखत कायमचे, मुदत अशी नाही. वारसाला नाकारता तरी येते, ती तर पहिल्यापासून मालकीण. दोन्ही मुलांनी सांगितले, आई, आमच्या नावावर करू नकोस. विकायला काढला तर दीडशे डॉलरलाही गिऱ्हाईक येईना. मधूनच फोन येत, गिऱ्हाईक तयार आहे, आधी आमची फी पाठवा. असल्या फोनांबद्दल तिथले सरकारी व्यापार आयोग वर्षानुवर्षे सावध करीत आले आहे. भावजय बँकेत नोकरी केलेली, ती फसली नाही. रिसॉर्टच्या संस्थेला आठवडा परत घ्या म्हणून पत्र लिहिले, उत्तर आले की सध्या तशी सोय नाही.

शेवटी तिला एक सुचले. "भाऊजी," ती मला म्हणाली, "ते डॅलसचे लोक एवढ्या प्रेमानं येतात, त्यांनाच फुकट देऊन टाकते. नोंदणीचा खर्चही मी करीन." मलाही ते पटले. जो कसतो त्याची जमीन व्हावी, हे आपण कुळकायद्यापासून ऐकत आलो आहोत.

त्यांनी फार सुंदर पत्र लिहिले. भावाची आठवण काढली, २०२० चे पैसे परत आले ते कधी विसरणार नाही असे लिहिले. आठवडा नावावर घ्यायला मात्र नकार दिला. आम्ही दरवर्षी येऊ, भाडे वेळेवर देऊ, तुम्ही म्हणाल तर शंभर डॉलर वाढवू. पण नाव तुमचेच असू द्या.

यंदाही अकरावा आठवडा त्यांनाच गेला. देखभाल खर्चाचे बिल जानेवारीत येते, त्यांचा चेक डिसेंबरातच येऊन पडतो. भावजयीने वही पुढे चालू ठेवली आहे, त्याच रकान्यांत.