गळती जुनी, बिल नवे

मोटारगाडीतून पाणी गळणे हे दुखणे मोटारगाडीइतकेच जुने आहे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत इंजिन थंड ठेवणारे पाणी उकळून वाफ होऊन जात असे. १८८८ मध्ये बर्था बेंझ त्याच गाडीची सुधारित आवृत्ती घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. त्यावर खरा उपाय निघाला तो विल्हेल्म मायबाखच्या मधपोळ्यासारख्या रेडिएटरने. १९०१ च्या मर्सिडिझ गाडीत त्याने ८,०७० बारीक चौकोनी नळ्या एकत्र जोडल्या आणि पूर्वी १८ लिटर पाण्याला जे जमत नव्हते ते ९ लिटरमध्ये साधले. मात्र हजारो नळ्या म्हणजे हजारो सांधे, आणि प्रत्येक सांधा ही गळतीची संभाव्य जागा. आज जुन्या होत चाललेल्या विजेच्या गाडीत कूलंट झिरपते आणि दुरुस्तीचा आकडा लाखांत जातो, तेव्हा लोक दोष विजेच्या गाडीला देतात. सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे निदान चुकीचे ठरते. गळतीचा खर्च भोकाच्या आकारावर कधीच ठरला नाही. गळती शोधण्याची मुभा कोणाला आहे आणि बदलता येणारा सर्वांत लहान भाग केवढा आहे, यावर तो ठरत आला. या दोन्ही गोष्टी माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून ठरतात, म्हणून त्या बदलताही येतात.

रेडिएटर दुरुस्तीचा धंदा हा याचा पहिला पुरावा. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. कारागीर तो उतरवी, तोंडे बंद करून आत हवा भरी आणि पाण्याच्या हौदात बुडवी. बुडबुडे निघाले ती गळतीची जागा. तिथे कथील-शिशाचा डाख लावला की काम झाले, आणि नळी फारच खराब असेल तर तेवढी एकच नळी दोन्ही टोकांना बंद करून टाकायची. बदलण्याचे सर्वांत लहान माप इथे चिमूटभर डाख हे होते. निदान सर्वांच्या डोळ्यांसमोर होत असे, गिऱ्हाइकाच्याही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पुढच्या पद्मिनी बोरघाटात तापून बॉनेट उघडून उभ्या राहात, तेव्हा त्यांच्यामागे हा धंदा उभा होता. गावोगावचे रेडिएटरवाले कंपनीची परवानगी न मागता, कंपनीचा सुटा भाग न घेता गाडी रस्त्यावर आणत. गाडी वीस-पंचवीस वर्षे टिकण्यात लोखंडाच्या जाडीइतकाच या कारागिरांचा वाटा होता.

हा धंदा विजेच्या गाडीने मोडला नाही. १९७० च्या दशकापासून युरोपात आणि नंतर सगळीकडे ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर आले. ते हलके होते, स्वस्त होते, गंजाच्या काही तक्रारीही कमी झाल्या. पण ॲल्युमिनियमला साधा कथलाचा डाख धरत नाही, आणि उष्णतेने ठिसूळ होऊन तडकलेली प्लास्टिकची टाकी झाळता येत नाही. त्यामुळे दुरुस्तीची जागा बदलीने घेतली. बदलण्याचे सर्वांत लहान माप थेंबभर डाखापासून अख्ख्या रेडिएटरपर्यंत वाढले. तो भाग स्वस्त असल्याने कोणाला हे फारसे खुपले नाही. पण "गळते ते दुरुस्त करू नका, बदला" ही रीत तेव्हाच रुळली, आणि विजेच्या गाडीला ती वारशात मिळाली. फरक इतकाच, की या वेळी बदलायच्या भागाची किंमत रेडिएटरएवढी राहिली नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बहुतेक अमेरिकन विजेच्या गाड्यांमध्ये शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या आणि मोटर हवेनेच थंड राहात असे. त्यांना रेडिएटर नव्हता, म्हणून गळतीही नव्हती. मग आज विजेच्या गाडीत कूलंट घालायचेच कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर निसान लीफच्या अनुभवात आहे. २०१० च्या शेवटी आलेल्या लीफच्या बॅटरीला द्रवाचे शीतन नव्हते. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनासारख्या तप्त राज्यातल्या मालकांच्या तक्रारी पुढे आल्या की बॅटरीची क्षमता वेगाने घटते आहे. त्यानंतर निसानला क्षमतेचीही ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांची हमी द्यावी लागली. लिथियम-आयन पेशींना माणसाला सोसवते तेवढेच तापमान मानवते. जलद चार्जिंग आणि उन्हाळा एकत्र आले की त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. २००८ च्या टेस्ला रोडस्टरने ६,८३१ छोट्या पेशी द्रवाने थंड ठेवण्याची वाट धरली आणि बहुतेक उत्पादक पुढे त्याच वाटेने गेले. हे योग्यच झाले. कूलंटमुळे बॅटरी दीर्घायुषी होते, आणि म्हणूनच गाडी इतकी वर्षे जगते की तिचे होज, सील आणि जोड म्हातारे होऊ लागतात.

गळतीचा अर्थ मात्र इथे बदलला. पेट्रोलच्या गाडीत कूलंट संपले तर इंजिन तापते. विजेच्या गाडीत कूलंट नको तिथे पोचले तर ते विजेला वाट करून देते, कारण ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक क्षारांचे ते मिश्रण विद्युतवाहक असते. २०११ मध्ये याचा धडा मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेने शेव्हरोले व्होल्ट या गाडीची खांबावर बाजूने आदळण्याची चाचणी घेतली. व्होल्टमध्ये पेट्रोलचे इंजिनही होते, पण तिची मोठी लिथियम बॅटरी द्रवाने थंड होत असे. धडकेत बॅटरीच्या कप्प्याला इजा झाली, कूलंट गळाले, आणि तीन आठवड्यांनी आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीने पेट घेतला. चौकशी जानेवारी २०१२ मध्ये बंद झाली. पेट्रोलच्या गाडीपेक्षा हिला आगीचा धोका जास्त नाही, असा निष्कर्ष निघाला. कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला आणि कूलंटच्या टाकीत पातळी मोजणारा सेन्सर बसवला. सुरक्षेसाठी उचललेल्या या पावलाने निदानाची सत्ता मात्र हलवली. पातळी खाली गेली की गाडी चार्जिंग नाकारू लागली, आणि टाकी भरली तरी ती नोंद पुसण्यासाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरचे सॉफ्टवेअर लागू लागले. पाव लिटर कूलंटची उणीव भरून काढण्याचे काम रस्त्यावरच्या मेकॅनिकच्या हातातून निसटले ते इथे.

टेस्ला मॉडेल एसमध्ये गळती आणखी आत शिरली. २०१२ पासून विकल्या गेलेल्या या गाडीच्या मागच्या मोठ्या ड्राइव्ह युनिटमध्ये फिरणारा रोटर आतून कूलंटने थंड केला जातो. फिरता दांडा आणि स्थिर कवच यांच्यामध्ये सील असते, आणि ते झिजले की कूलंट युनिटच्या आतच उतरते: आधी वेगमापक सेन्सरच्या पोकळीत, मग मोटरच्या वेटोळ्यांकडे आणि इन्व्हर्टरकडे. गाडीखाली डाग पडत नाही. मालकाला दिसते ती टाकीतली हळूहळू घटणारी पातळी, किंवा एके दिवशी येणारी इन्सुलेशन बिघडल्याची सूचना. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार उच्च विद्युतदाबाच्या डीसी मंडलाचा सांगाड्यापासूनचा रोध दर व्होल्टला किमान १०० ओम, म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीत ४०,००० ओम असावा लागतो. ओलसर झालेली मोटर त्याखाली घसरली की गाडी जागेवर थांबते. तरीही निदान अवघड नाही. वेगमापक सेन्सर काढून तो ओला आहे का ते पाहिले, की सील गळते आहे की नाही हे लवकर कळते. वेळीच कळले तर सील बदलून भागते. उशीर झाला तर अख्खे युनिट जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीने या गाड्यांच्या ड्राइव्ह युनिटची हमी बॅटरीप्रमाणेच ८ वर्षे आणि अमर्याद मैल अशी केली होती, ती आधी विकलेल्या ८५ किलोवॉट-तासांच्या गाड्यांनाही लागू करून. त्यामुळे पहिली आठ वर्षे हा खर्च मालकाला दिसलाच नाही. २०२० नंतर हमी संपू लागल्या, तेव्हा स्वतंत्र गॅरेजांनी हे युनिट उघडायला, सील बदलायला, काही ठिकाणी रोटरकडे जाणारी कूलंटची वाट वळवायलाही सुरुवात केली.

बिलाच्या आकड्यामागे काय असते हे सर्वांत स्वच्छ दाखवणारे उदाहरण २०२१ चे आहे. अमेरिकेत एका टेस्ला मॉडेल ३ च्या बॅटरीला कूलंट पोचवणारी प्लास्टिकची छोटी नळी रस्त्यावरचा तुकडा लागून तुटली. ती नळी बॅटरीच्या कवचाचाच भाग असल्यामुळे कंपनीच्या केंद्राने पूर्ण बॅटरी बदलण्याचा सुमारे १६,००० डॉलरचा अंदाज दिला. बाहेरून लागलेली इजा हमीत बसत नव्हती. एका स्वतंत्र गॅरेजने तुटलेल्या टोकात आटे पाडून पितळी जोड बसवला आणि सुमारे ७०० डॉलरमध्ये गाडी चालू केली. भोक तेच, गाडी तीच, कूलंट तेच. दोन आकड्यांमधला फरक बदलण्याच्या सर्वांत लहान मापाचा होता. वीज किंवा रसायन यांचा त्यात काही संबंध नव्हता.

यावर कंपन्यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. ४०० व्होल्टचे मंडल पुरेशा प्रशिक्षणाविना उघडणे जिवावर बेतू शकते. पितळी जोड पुढे दहा वर्षे टिकेल याची हमी कंपनीने का घ्यावी? तिने बसवलेल्या भागाने पुढे आग लागली तर जबाबदारी तिची. हे सगळे खरे आहे. पण धोका हे प्रशिक्षण देण्याचे कारण आहे, ज्ञान दडवण्याचे नव्हे. गॅसचे सिलिंडर आणि घरातले वायरिंगही धोक्याचेच. समाजाने त्यांच्यासाठी परवाने आणि परीक्षा ठेवल्या, दुरुस्ती मात्र एका दुकानापुरती बांधली नाही. शिवाय टाकीची पातळी तपासणे, हातपंपाने कूलंटच्या मंडलात दाब धरून तो उतरतो का पाहणे, कूलंटमध्ये रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली गळती शोधणे, यांतले बहुतेक काम उच्च दाबाची तार न सोडताही होते. दुसरा आक्षेप असा की विजेच्या गाडीत एकूण दुरुस्ती कमी, तेव्हा कधीतरी एखादे मोठे बिल आले तर बिघडले कुठे? सरासरीचा हिशेब पहिल्या मालकाच्या कामाचा असतो. गाडी दहा वर्षांची होऊन तिसऱ्या हातात जाते, तेव्हा घेणाऱ्याची ऐपत सरासरीवर चालत नाही. एका बिलाने गाडी भंगारात जाणार असेल तर तिच्यासाठी खर्च झालेले लिथियम, निकेल आणि ऊर्जाही वाया जाते, आणि ज्या पर्यावरणासाठी ही गाडी आली तोच हिशेब बिघडतो.

कायद्याने यात फरक पडतो, याचाही दाखला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, आणि २०२० मध्ये मतदारांनी गाडीतून वायरलेस जाणारी माहितीही त्यात आणली. महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही पुण्याजवळच्या रांजणगावात बनते. तिची बॅटरी द्रवानेच थंड होते आणि सुरुवातीच्या गाड्यांत तिच्यावर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी होती. म्हणजे सर्वांत जुन्या गाड्यांची ती ढाल २०२८ मध्ये उतरते. त्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. होज, जोड, सील आणि पंप हे सुटे भाग म्हणून मिळावेत, आणि बॅटरीच्या कवचात न जोडता बाहेर बदलता येतील असे घडवावेत. कूलंटच्या सूचनांचे अर्थ आणि त्या पुसण्याची साधने प्रशिक्षित स्वतंत्र मेकॅनिकला खुली व्हावीत. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत उच्च दाबाच्या सुरक्षेसह हे काम शिकवले जावे. रेडिएटरवाल्याचा धंदा डाख संपला म्हणून बुडाला नाही. दुरुस्त होईल असा भाग बनवणे आपण सोडले म्हणून बुडाला. तो निर्णय एकदा चुकला. विजेच्या गाडीत तो पुन्हा चुकू द्यायचा नसेल तर हमी संपायच्या आधीच्या या वर्षांतच तो सुधारायला हवा, कारण हमी संपल्यावर बिल भरणारा माणूस गाडीच्या रचनेत काहीच बदलू शकत नाही.